बटण दाबलं, पण संगणक सुरू होत नाही

प्रश्न : पावसाळ्यात दोन महिने घर बंद होतं. गणपतीला आल्यावर कॉम्प्युटर लावला, तर पंखे फिरतात, दिवा लागतो, पण पडदा काळाच. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. नवा घ्यावा का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : इतक्यात नको. कोकणातल्या दमट हवेत बंद पडून राहिलेल्या मशिनला हे लक्षण दिसलं की आधी रॅमवर (मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या मेमरीच्या पट्टीवर) संशय घ्यावा. स्लॉटमधल्या धुळीला ओल लागते, रॅमच्या सोनेरी टोकांवर पातळ थर धरतो आणि संपर्क तुटतो. बोर्ड धडधाकट असूनही पुढे सरकत नाही.

त्याआधी मॉनिटर पाहून घ्या. ‘नो सिग्नल’ असं येत असेल तर तो ठीक आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावलेली हवी; वरच्या मदरबोर्डाच्या पोर्टाला लावली की बऱ्याच मशिनवर पडदा काळाच राहतो. साफसफाईनंतर ही चूक फार होते.

आता रॅम. प्लग काढा, मग बटण पाच-सहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज रॅमवर उतरणार नाही. खटके उघडून पट्टी सरळ वर ओढा. पांढरा मऊ खोडरबर सोनेरी टोकांवर एकाच दिशेने हलका फिरवा आणि चुरा ब्रशने झाडा. स्लॉटही कोरड्या मऊ ब्रशनेच साफ करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण आत जातात. पट्टीची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही टोकांना ‘टक्’ ऐकू येईपर्यंत दाबा. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. तिथे दुसरं टोक वर राहून जातं आणि ते नजरेला पटकन दिसत नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकटी पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये जाते. रॅम डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो, घाईने बंद करू नका.

प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची १२ व्होल्टची जोडणी घट्ट आहे ना, तेही पाहा. ती सैल असली तरी पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो.

एवढं करूनही चित्र येत नसेल तर बोर्डाच्या ‘स्पीकर’ लिहिलेल्या पिनांना छोटा बझर लावा आणि सगळी रॅम काढून मशिन सुरू करा. बीप वाजले, तर बोर्ड आणि प्रोसेसर निदान ‘रॅम सापडत नाही’ एवढं सांगण्याइतके जिवंत आहेत. ही चाचणी न करता कोणी बोर्ड गेला म्हणत असेल, तर ते मान्य करू नका.

प्रश्न : वीज जाऊन आल्यापासून संगणक पूर्ण मेलेला. दिवा नाही, पंखा नाही. (वाचक, नागपूर)

उत्तर : त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून पाहा. मग स्पाइक बस्टर आणि यूपीएस वगळून थेट भिंतीत प्लग द्या, पॉवर केबल बदला आणि एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) मागचा छोटा स्विच चालू आहे ना, ते बघा.

हे ठीक असेल तर प्लग काढून २४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डापासून सोडवा. त्यातली हिरवी वायर आणि शेजारची काळी, या दोन्हींत वायरचा छोटा तुकडा अडकवा आणि मग वीज द्या. मल्टीमीटरचं काळं टोक काळ्या वायरीवर ठेवा. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४६ व्होल्ट मिळाले पाहिजेत. काहीच आलं नाही तर एसएमपीएस बदला. आकडे बरोबर आले तरी तो निर्दोष ठरत नाही, कारण भार पडल्यावर व्होल्टेज कोसळू शकतं. तेव्हा दुसरा लावून खात्री करा. सगळ्या वायरी एकाच रंगाच्या असतील तर ही चाचणी घरी करू नका. एसएमपीएसचा डबा तर कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विजेचा दाब उरतो.

एसएमपीएस चांगला निघाला तर प्लग काढून वायरचा तुकडा काढा, २४ पिनांचा कनेक्टर परत बसवा, वीज द्या आणि कॅबिनेटचं बटणही तपासा. बोर्डावरच्या ‘पॉवर स्विच’च्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. मशिन उठलं तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत.

प्रश्न : जुन्या संगणकावर तारीख सारखी मागे जायची. आता ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ येतं. फॉरमॅट मारावा लागेल असं सांगितलंय. दहा वर्षांचे फोटो आहेत. (वाचक, सांगली)

उत्तर : फॉरमॅट करू देऊ नका. तारीख मागे जाते म्हणजे बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला. तो ३ व्होल्टचा असतो, २.८ च्या खाली गेला की बदलून टाका, अधिकची बाजू वर. सेल संपला की बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज कारखान्यातून आल्या तशा होतात. जुनं विंडोज ‘लेगसी’ म्हणजे सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीने टाकलेलं असेल आणि बोर्ड ‘यूईएफआय’ या नव्या पद्धतीवर परतला, तर डिस्क धडधाकट असूनही त्याला सापडत नाही.

सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये शिरा. डिस्कचं नाव दिसत असेल तर बूट मोड ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ (जुनी पद्धत चालू करणारी सेटिंग) करून पाहा. नाव दिसत नसेल तर साटा केबल आणि डिस्कची पॉवर जोडणी बदला. डिस्कमधून टकटक येत असेल तर मात्र लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा सुरू करू नका, डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडेच न्या. आवाज नसेल तर डिस्क यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडून आधी फोटो उतरवून घ्या. ती डिस्क फॉरमॅट करायची का, असं तिथे विचारलं गेलं तर ‘नाही’ म्हणा.

प्रश्न : बायोसची सेटिंग बदलल्यापासून लॅपटॉप निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागतो. (वाचक, पुणे)

उत्तर : हे बिटलॉकर आहे, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लावलेलं विंडोजचं कुलूप. बदललेली सेटिंग पूर्ववत करा, बहुधा तेवढ्याने भागतं. नाही भागलं, तर लॅपटॉपला ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं होतं, ते मोबाइलवर उघडा. की बहुतेक तिथेच साठवलेली असते. पडद्यावरच्या ओळख क्रमांकाशी जुळणारीच की टाका.