राउटरच्या मार्गदर्शिकेत 'वेगमर्यादा' हा शब्द कुठे अडतो?

प्रश्न : एका फायरवॉल राउटरच्या मार्गदर्शिकेचे मराठीकरण चालू आहे. 'बँडविड्थ लिमिटिंग' आणि 'ट्रॅफिक शेपिंग' या दोन्हींसाठी 'वेगमर्यादा' हा एकच शब्द वापरला तर चालेल का? 'इन' आणि 'आउट' यांना सरळ 'डाउनलोड' आणि 'अपलोड' म्हणावे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तिथे शब्द चुकला तर वाचणाऱ्याचे सेटिंगच उलटे बसते. 'इन' आणि 'आउट' या दिशा राउटरच्या पोर्टच्या नजरेतून ठरतात, वापरणाऱ्याच्या नव्हे. पीएफसेन्स या फायरवॉल-प्रणालीत लॅनच्या (घरातल्या किंवा कचेरीतल्या जाळ्याच्या) नियमाला लिमिटर, म्हणजे मर्यादा घालणारी सेटिंग, जोडताना 'इन'च्या रकान्यात जे येते ते लॅनमधल्या संगणकांकडून राउटरमध्ये शिरणाऱ्या डेटाला लागू होते, म्हणजे अपलोडला. तोच नियम वॅनवर (इंटरनेटकडच्या पोर्टवर) लिहिला तर 'इन' म्हणजे डाउनलोड. शिवाय फ्लोटिंग नियमाची (एकापेक्षा जास्त पोर्टना लावता येणाऱ्या नियमाची) दिशा 'आउट' ठेवली की दोन्ही रकान्यांची अदलाबदल होते. तेव्हा 'इन' म्हणजे डाउनलोड असे कायमचे समीकरण लिहू नका. कचेऱ्यांच्या नोंदवह्यांतली 'आवक-जावक' ही जोडी इथे चपखल बसते, फक्त आवक कुठली ते प्रत्येक वेळी सांगायचे : 'लॅन पोर्टवरची आवक (वापरणाऱ्याचे अपलोड)'.

आता 'वेग'. बोलताना तो चालतो, पण समजावून सांगताना घोटाळा करतो. मर्यादा घातली म्हणून तारेवरून जाणारे पॅकेट (डेटाचा एक तुकडा) सावकाश जात नाही. सेकंदाला १ गिगाबिटच्या पोर्टवरून १५०० बाइटचे पॅकेट १२ मायक्रोसेकंदांत निघते, आणि १० मेगाबिटची मर्यादा घातली तरी तेवढ्याच वेळात निघते. बदलते ते दोन पॅकेटांमधले अंतर : आता सरासरी १.२ मिलिसेकंदाला एक पॅकेट सुटते. म्हणजे मर्यादा वेगाला नाही, दराला आहे. पण 'दरमर्यादा' लिहिले की मराठी वाचकाला आधी किंमत आठवणार! म्हणून 'सेकंदाला १० मेगाबिटांची मर्यादा' असे उलगडून लिहिणे मला सर्वांत सुरक्षित वाटते.

'लिमिटिंग' आणि 'शेपिंग' मात्र एक करू नका. मर्यादा हा परिणाम झाला, आणि तो दोन वेगळ्या रीतींनी साधता येतो. जादा पॅकेटे रांगेत थोपवून ठरलेल्या दराने सोडायची, ही शेपिंगची रीत. रांग न लावता जादा पॅकेटे तिथल्या तिथे टाकून द्यायची, ही पोलिसिंगची. १९९८च्या आरएफसी २४७५ या इंटरनेट-तंत्राच्या दस्तऐवजात हाच भेद आहे : एकीत विलंब, दुसरीत त्याग. 'आकार देणे' हे शेपिंगचे शब्दशः भाषांतर कोणाच्याच उपयोगाचे नाही. शीर्षकात 'ट्रॅफिक शेपिंग' तसेच ठेवा आणि खाली 'थोपवून सोडणे' व 'टाकून देणे' ही क्रियापदे वापरा.

भेद एवढा जपायचा, कारण बिघाड शोधताना लक्षणे वेगळी दिसतात. टाकून देण्यात दर करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो आणि पुष्कळदा मर्यादेच्या बराच खाली राहतो, कारण पॅकेट हरवले की टीसीपी (डेटा पोचवण्याची इंटरनेटची नेहमीची पद्धत) माघार घेते, म्हणजे पाठवण्याचा दर उतरवते. थोपवण्यात दर स्थिर राहतो, पण रांग लांब असेल तर पिंग (पॅकेट जाऊन उत्तर येण्याचा वेळ) फुगते. १५०० बाइटची १००० पॅकेटे रांगेत असतील तर १० मेगाबिटच्या दराने ती रिकामी व्हायला १.२ सेकंद लागतात. उलट, ५० पॅकेटांची रांग ५०० मेगाबिटच्या मर्यादेला जेमतेम १.२ मिलिसेकंद पुरते; मग पॅकेटे गळतात आणि 'मर्यादा ५००ची, मिळतात ३००' अशी तक्रार येते. तिथे मर्यादेचा आकडा वाढवून उपयोग नसतो, रांगेची लांबी वाढवावी लागते.

लिनक्सच्या आकडेवारीतला 'ओव्हरलिमिट्स' हा असाच फसवा शब्द. एचटीबी किंवा टीबीएफ (लिनक्समधल्या शेपिंग करणाऱ्या रांगा) वापरताना त्याचा अर्थ 'इतक्या वेळा थोपवावे लागले' असा आहे, म्हणजे शेपिंग काम करते आहे याची ती खूण. गळती पाहायची तर 'ड्रॉप्ड'चा आकडा पाहावा, आणि रांगेत आत्ता किती साचले आहे ते 'बॅकलॉग'मध्ये. 'ओव्हरलिमिट्स' शून्यावरून हलतच नसेल तर एक तर मर्यादेइतका डेटाच येत नाही, किंवा तो या वाटेने जातच नाही. दुसऱ्या शक्यतेची नेहमीची कारणे : मायक्रोटिकच्या राउटरवर फास्टट्रॅक हा जलद मार्ग चालू असणे (त्या जोडण्या सिंपल क्यूला, म्हणजे मर्यादा घालणाऱ्या रांगेला, बगल देतात), ओपनडब्ल्यूआरटी या राउटर-प्रणालीवर हार्डवेअर ऑफलोड (पॅकेटे थेट चिपने पुढे पाठवणे) चालू असणे, किंवा वरच्याच एखाद्या नियमाने जोडणी आधी पकडलेली असणे. पीएफसेन्समध्ये नियम बदलला तरी आधीपासून उघड्या असलेल्या जोडण्या जुन्याच नियमाने चालतात. स्टेट्स (उघड्या जोडण्यांच्या नोंदी) पुसल्याशिवाय चाचणी करू नये.

'मास्क' म्हणजे लिमिटरची मर्यादा पत्त्यागणिक वेगळी लावणारी सेटिंग; त्यासाठी मराठीत दोन सुरेख शब्द आहेत, ते वापराच : 'मिळून' आणि 'प्रत्येकी'. मास्क नसेल तर १० मेगाबिट सगळ्यांत मिळून. अपलोडच्या लिमिटरवर स्रोत पत्त्याचा आणि डाउनलोडच्या लिमिटरवर गंतव्य पत्त्याचा मास्क लावला तर १० मेगाबिट प्रत्येकी. 'मुखवटा' नको.

एककांचे संक्षेप टाळा. 'एमबी' म्हणजे मेगाबिट की मेगाबाइट, हे वाचणाऱ्याने का ओळखावे? १० मेगाबिट म्हणजे जास्तीत जास्त १.२५ मेगाबाइट, आणि हेडरचा (प्रत्येक पॅकेटमधल्या पत्ता वगैरे माहितीचा) भाग वजा जाता डाउनलोडच्या खिडकीत १.२च्या आसपास दिसते. लिनक्सच्या टीसी या मर्यादा घालण्याच्या आज्ञेत तर 'केबिट' म्हणजे किलोबिट, पण 'केबीपीएस' म्हणजे सेकंदाला किलोबाइट. तिथे गफलत झाली की मर्यादा आठपट सैल होते, आणि कुठलाही दोष-संदेश येत नाही.

राहिले 'मर्यादा किती ठेवावी' हे वाक्य. 'जोडणीइतकी ठेवा' असे लिहू नका. मर्यादा जोडणीच्या प्रत्यक्ष क्षमतेइतकी किंवा जास्त असेल तर रांग सेवादात्याच्या उपकरणात साचते आणि तुमच्या राउटरच्या हाती काही उरत नाही. 'गर्दी नसताना मोजलेल्या दराच्या सुमारे ९० टक्क्यांपासून सुरुवात करा, जोडणी पूर्ण भरलेली असताना पिंग पाहा, ती वाढत असेल तर आणखी थोडे उतरा' असे लिहा. डाउनलोडला हे जास्तच लागू, कारण तिकडची पॅकेटे तुमच्यापर्यंत पोचतात तेव्हा ती जोडणीची अरुंद वाट ओलांडून आलेलीच असतात. राउटर त्यांना थोपवून किंवा टाकून फक्त पाठवणाऱ्याला आवरायला लावू शकतो, आणि यूडीपीवरचा (पोच न मागणाऱ्या पद्धतीचा) पाठवणारा आवरेलच असे नाही.