आंबा बागायतदारांच्या गटासाठी आचारसंहिता लिहायची आहे. नीतिशास्त्रातल्या सिद्धांतांचा प्रत्यक्षात काही उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राजापूर तालुक्यात १८ हापूस बागायतदारांचा गट आहे, पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना जातात, गेल्या मोसमात एका पेटीत बाहेरचा आंबा निघाल्यावरून भांडण झालं आणि आचारसंहिता लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलं. कांट, मिल, ॲरिस्टॉटल हे तत्त्वज्ञ वाचलेत आणि तिघं तीन दिशांना ओढतायत.

उपयोग होतो, पण सुरुवात तिथून करू नका. आधी आंबा झाडावरून उतरल्यापासून गिऱ्हाइकाच्या घरी पेटी उघडेपर्यंतचा प्रवास कागदावर मांडा आणि गिऱ्हाइकाला जे जे दिसत नाही तिथे फुली मारा. फळ कुणाच्या बागेतलं, शेवटची फवारणी कधी झाली, किती आणे तयार (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार) असताना काढलं, कशानं पिकवलं, खालच्या थरात काय भरलंय. पाच-सहा फुल्या पडतील. कलमं तेवढ्याच ठिकाणी लिहा (नियमांची कलमं, बागेतली नव्हेत). आकार, रंग, डाग गिऱ्हाइकाला दिसतात, त्याचा निकाल तो स्वतःच लावतो.

आता कांट. १७८५च्या त्याच्या ग्रंथात एका दुकानदाराचं उदाहरण आहे. तो अजाण गिऱ्हाइकाला फसवत नाही, लहान मूल आलं तरी भाव तोच लावतो. कांट म्हणतो, एवढ्यावरून तो कर्तव्य म्हणून प्रामाणिक आहे असं ठरत नाही; धंद्याच्या फायद्यासाठीही माणूस तसं वागतो. तुमच्या कामाचा भाग असा की फायद्यापोटी आलेला प्रामाणिकपणा पकडलं जाण्याच्या भीतीवर उभा असतो आणि तुम्ही फुल्या मारल्यात तिथे ही भीतीच नसते. म्हणून त्या जागी दोनच गोष्टी चालतात: लपवण्याची सोय काढून टाकणं किंवा ती बाब उघड लिहिणं. प्रत्येक पेटीत चिठ्ठी घाला. बागेचं गाव, काढणीची तारीख, पिकवण्याची पद्धत, नग आणि भरणाऱ्याचा क्रमांक, बस्स.

बैठकीत कुणीतरी म्हणणारच, ‘दहा पेट्यांत चार-चार फळं बाहेरची गेली, चवीत कुणाला फरक कळला नाही, मग बिघडलं कुणाचं?’ वरवर हा मिलचा उपयुक्ततावाद वाटतो, म्हणजे एकूण जास्तीत जास्त भलं होईल ते योग्य. नाही. मिलच्या हिशेबात परिणाम सोसणारा प्रत्येक जण धरावा लागतो आणि इथे उरलेले १७ जण हिशेबाबाहेर राहिले. ‘हापूस’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. म्हणजे नाव सामायिक आहे, गावच्या कुरणासारखं. एकानं चारलं तर सगळ्यांचं उजाड. (मानांकनाचं चिन्ह छापणार असाल तर प्रत्येक बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, हे आधी तपासा.) या जागी मला मिलपेक्षा एलिनॉर ऑस्ट्रॉम जास्त कामाच्या वाटतात. सामायिक कुरणं, कालवे, मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या टिकवणाऱ्या समूहांचा अभ्यास त्यांनी केला, २००९ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या ठिकाणी नियम वापरणाऱ्यांनीच केलेले होते, देखरेख त्यांचीच होती आणि शिक्षा पायरीपायरीनं वाढत जाणारी होती.

ॲरिस्टॉटल संहितेत घालू नका. त्याचा भर चांगला माणूस घडवण्यावर आहे आणि ते दोन पानांच्या कागदाचं काम नव्हे. ‘सदस्यांनी सचोटीने वागावे’ हे वाक्य याच हौसेतून येतं. प्रत्येक कलमाला एकच कसोटी लावा: तिसऱ्या माणसानं पेटी आणि वही बघून कलम मोडलं की पाळलं हे सांगता येतं का? ‘दर्जेदार फळ द्यावे’ या कसोटीला उतरत नाही. ‘वरच्या आणि खालच्या थरातलं फळ एकाच वजनगटातलं असेल’ हे उतरतं. तराजू लावला की झालं. दर पाठवणीतल्या दोन पेट्या चिठ्ठी टाकून निवडा आणि गाडीत चढण्याआधी उघडा.

काही गोष्टी मतदानाला ठेवायच्याच नाहीत. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो. इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी आहे. पेंढ्याच्या अढीला काहीच अडचण नाही, फक्त दिवस जास्त लागतात. फवारणी आणि काढणी यांच्यातलं अंतर औषधाच्या लेबलावर असतं, ते पाळलं की नाही हे फवारणीच्या वहीवरून कळलं पाहिजे.

नियम कडक केले की अवकाळी पाऊस येतो. संहितेत ‘१४ आणे तयार फळच काढावं’ असं आहे, मेमध्ये आभाळ भरून आलंय आणि फळ १२ आण्यांवर आहे. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळायचा की वर्षाचं पीक वाचवायचं? कांट इथे ताठ राहतो. १९३०मध्ये डब्ल्यू. डी. रॉस या तत्त्वज्ञानं मांडलेला विचार उपयोगी पडतो: कर्तव्यं अनेक असतात, एकमेकांना छेदतात, एकाला मागं सारावं लागलं तरी त्याचं देणं उरतंच. कलमात ते असं उतरवा: दोन सदस्यांच्या सहीनं अपवाद करता येईल, चिठ्ठीवर तसं लिहायचं आणि भाव कमी लावायचा. अपवाद लिहिलेला नसेल तर लोक तो करतातच, फक्त गुपचूप.

साक्याचं कलम वेगळं ठेवा. साका म्हणजे आतला गर स्पंजासारखा होऊन खराब होणं; तो बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, त्यामुळे तो निघणं हा गुन्हा नव्हे. सकाळी लवकर काढणी, फळ लगेच सावलीत, तापलेल्या कातळावर ठेवायचं नाही, एवढं बागायतदाराच्या हातात आहे. तेवढं कलमात घाला आणि कापलेल्या फळाचा फोटो आला की भरपाई किती, हे आधीच ठरवून टाका. भरपाई गटाच्या निधीतून द्या. एकट्यावर टाकलीत तर तो तक्रारच दाबून ठेवील.

एका जागेकडे बहुतेक गट काणाडोळा करतात: कराराने दिलेली बाग. एकाच हंगामापुरती बाग घेणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या झाडाचं सोयरसुतक नसतं, तो कल्टार (मोहोर लवकर आणि जास्त यावा म्हणून झाडाला घालतात ते औषध) ओततो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. हा आकडा करारपत्रातच टाका आणि करार किमान तीन वर्षांचा करा.

संहिता खरी मोडते ती भावकीत. अध्यक्षाच्या पुतण्याची तक्रार अध्यक्षापुढेच आली की कागद संपला. तिघांची समिती करा, त्यातला एक गटाबाहेरचा, आणि ज्याचं नातं किंवा उधारी-उसनवार आहे त्यानं त्या दिवशी उठून जायचं. आरोप असलेल्याला तक्रार लेखी द्या, उत्तराला सात दिवस द्या. पायऱ्या सुचवतो: पहिल्या वेळी लेखी समज आणि गिऱ्हाइकाचे पैसे परत, दुसऱ्या वेळी उरलेल्या मोसमात त्याची प्रत्येक पेटी उघडून तपासणं आणि तो खर्च त्याचाच, तिसऱ्या वेळी एक मोसम गटाचं लेबल बंद.

शिक्षा लेबलाशीच थांबली पाहिजे. रागाच्या भरात गावकीत विषय गेला की कार्याला बोलावणं बंद, विहिरीवर अडवणूक, शिमग्यात पालखी घरी न्यायची नाही, इथपर्यंत जातं. कुणाला वाळीत टाकणं हा महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘गटाबाहेरच्या कोणत्याही व्यवहारावर याचा परिणाम होणार नाही’ हे वाक्य संहितेत शब्दशः घाला.

बैठक ऑक्टोबरमध्ये घ्या, मोहोर यायच्या आधी. एकदा भाव फुटला की कुणी नियमांवर शांतपणे बोलत नाही. पेट्या भरणारे आणि बाग राखणारे नेपाळी कामगारही बैठकीला हवेत, त्यांना संहिता हिंदीत वाचून दाखवा. फवारणीचा मास्क-हातमोजे आणि वेळेवर मजुरी ही दोन कलमं त्यांच्या बाजूची असू द्यात. खालच्या थरात काय गेलंय ते त्यांनाच सगळ्यात आधी दिसतं.