वादळानंतर कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले वेचायला कधी जावं? काय मिळतं?

लाटा पूर्ण शांत झाल्यावर, ओहोटी सुरू होताच निघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे जातं, तेव्हा जास्त सापडतं. भरतीने सोडलेल्या कचऱ्याच्या रेषेवरून सावकाश चाला: शंख, कवड्या आणि माकुळाचं पांढरं, हलकं कवच म्हणजे समुद्रफेस तिथेच मिळतो. शंखात जीव असेल तर कृपया परत पाण्यात सोडा.

निळसर फुगा दिसला तर हात लावू नका, मुलांना तर मुळीच लावू देऊ नका. तो 'पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर', जेलीफिशसारखा विषारी समुद्री जीव. मेला तरी त्याचे तंतू डसतात. जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं तर लगेच वनविभागाला कळवा. व्हेलची उलटी (अंबरग्रीस नावाचा मेणासारखा महागडा पदार्थ) मात्र उचलू नका, बाळगणं गुन्हा आहे.