वाचकांचे प्रश्न : दारूचे चक्र कागदावर मांडताना

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने व्यसनमुक्तीवर व्याख्याने ठेवली, तरी गावातले पिणे घटले नाही. गावाने मिळून ‘प्रणाली प्रारूप’ मांडावे, असे सुचवले जाते. त्याने काय साधेल?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : प्रणाली प्रारूप म्हणजे एखाद्या प्रश्नाची कारणे व परिणाम एकमेकांना कसे वाढवतात, याचा नकाशा. १९५० च्या दशकात अभियंते जे फॉरेस्टर यांनी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात घडवलेल्या ‘सिस्टम डायनॅमिक्स’ या अभ्यासपद्धतीची ही पुढची शाखा. ग्रामस्थ, आरोग्यसेविका, बारमालक आणि दारू सोडलेली माणसे एकत्र बसून कारणे मोठ्या कागदावर लिहितात व बाणांनी जोडतात: पिण्याने कामाचे खाडे होतात, खाड्यांनी उधारी वाढते आणि उधारीच्या काळजीने माणूस पुन्हा बारकडे वळतो. बारमालकाला वगळण्याचा मोह (तो मंडळांना हमखास होतो) टाळावा, कारण उधारीची वही त्याच्याचकडे असते.

मग हे चक्र नेमके कुठे तोडायचे ते बैठकीत ठरते. उपचाराचा दुवा गोव्यात तपासलेला आहे: येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना जास्तीत जास्त चार भेटी दिल्या, तेव्हा ३ महिन्यांनी ३६ टक्के पुरुष त्या पातळीखाली आले, नेहमीच्या उपचारात हे प्रमाण २६ टक्के होते. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केला. आपल्या कागदावर आरोग्य केंद्राकडे जाणारा एकही बाण नसेल, तर पहिली बैठक त्यावरच घ्यावी.