‘अंधप्रत’ म्हणावे की ‘गुप्त प्रत’?

कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका कारखान्यात पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या भगिनींनी विचारले आहे की, ई-मेलमधील ‘बीसीसी’ला, म्हणजे ‘ब्लाइंड कार्बन कॉपी’ला (पत्र घेणाऱ्या इतरांना नाव न दिसता एखाद्याला धाडलेल्या प्रतीला), कार्यालयाच्या सूचनापत्रकात ‘अंधप्रत’ म्हणावे काय, आणि अशी प्रत पाठवणे शिष्टाचाराला धरून आहे काय.

‘अंध’ला ‘दडलेले’ हा अर्थ अगदीच परका नाही. संस्कृतात ‘अंधकूप’ म्हणजे झाडोऱ्याने तोंड झाकलेली विहीर, आणि आपल्या पन्हाळ्यावर तीन मजली इमारतीच्या पोटात विहीर दडवणारी अंधारबाव तर सर्वांच्या पाहण्यातली. तथापि आजच्या मराठीत ‘अंध’ म्हणजे ज्याला दिसत नाही तो. येथे उलट प्रत मिळालेल्याला सगळे दिसते, इतरांनाच तो दिसत नाही. ‘गोपनीय प्रत’ही चालणार नाही, कारण मजकूर गोपनीय नसतो, घेणाऱ्याचे नाव तेवढे झाकलेले असते. दडवलेल्या गोष्टीला ‘चोर’ लावण्याची मराठीची स्वतःची रीत आहे : चोरखिसा, चोरवाट, चोरदरवाजा. त्या चालीवर ‘चोरप्रत’ मला मनापासून आवडतो, पण सूचनापत्रकात तो छापला तर साहेबांच्या कपाळाला आठ्या पडतील. तेथे ‘गुप्त प्रत’ लिहावे.

चोरखिसा शिवून घेणारा काही चोर नसतो. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीस पुरवठादारांना सुटीची सूचना धाडताना सर्वांना गुप्त प्रत देणे हे सौजन्यच आहे, कारण एकाचा पत्ता दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला नाही. सहकाऱ्याला लिहिलेले खरमरीत पत्र त्याच्या नकळत वरिष्ठांना दाखवणे याला मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘परस्पर’ कळवणे. सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी सादर’ असते, ती ओळ मूळ पत्र घेणाऱ्यालाही वाचता येते. टंकलेखनाच्या काळात गुप्त प्रतीची नोंद मूळ कागद यंत्रातून काढल्यावर केवळ कार्बनच्या प्रतीवर करीत, आणि तो कागद फाइलीत निमूट पडून राही. ई-मेलची गुप्त प्रत अशी मुकी नसते. ती मिळालेल्याने ‘सर्वांना उत्तर’ दाबले की झाकलेले नाव चारचौघांत उघडे पडते. म्हणून वरिष्ठांना शक्यतो उघड प्रतच द्यावी. ते अशक्य असेल, तर पाठवलेले पत्र नंतर वेगळे फॉरवर्ड करावे. तेही परस्परच ठरते हे खरे, पण निदान हा घोटाळा टळतो.

राहिली वाक्यरचना. ‘तुम्हाला बीसीसी केले आहे’ किंवा ‘गुप्त प्रतीत ठेवले आहे’ असे न लिहिता ‘तुम्हाला गुप्त प्रत दिली आहे’ असे लिहावे.