काल जमलं, आज का जमत नाही?

"काल सगळं जमत होतं, आज एकही चेंडू धड लागत नाही. माझ्यातच काही बिघडलंय का?" गोल्फ खेळणारे माझ्याकडे समुपदेशनाला येतात ते बहुतेक हाच प्रश्न घेऊन.

गेल्या हिवाळ्यात बेळगावात, टिळकवाडीत, माझ्याकडे उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले एक फाउंड्रीवाले आले, पन्नाशी ओलांडलेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) "मॅडम, चेंडू सोडून जमीनच खणतोय बघा. नाहीतर फटका चेंडूच्या डोक्यावर लागून तो सरपटत जातोय. रात्री झोप नाही. काय करू सांगा की."

खिशातून डायरी निघाली. स्विंगच्या, म्हणजे काठी फिरवून फटका मारण्याच्या, अकरा सूचना: डोकं स्थिर, कोपर सरळ, मनगट असं, खांदा तसा. मी हात बघायला मागितला. डाव्या तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, ताजा फोड. दांडा किती आवळला जातोय ते तिथंच कळलं.

स्विंग शिकवणं कोचचं काम. लक्ष कुठे ठेवायचं, एवढंच माझं. वर गेलेला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, साधारण पाव सेकंदात चेंडूपर्यंत येतो. तेवढ्यात अकरा सूचना कोण पाळणार? १९९९ मध्ये गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांवर प्रयोग केला होता. स्वतःच्या हातांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या झोक्याकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके जास्त अचूक पडले. घाबरलेल्या माणसाला मी हे आवर्जून सांगते, कारण तो स्वतःच्या अंगावरच पहारा देत बसलेला असतो.

मग त्यांच्या कोचशी बोलून एकच काम ठरवलं. मोकळ्या मातीवर रांगोळीची आडवी रेघ ओढायची, चेंडू ठेवायचाच नाही. सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे धातूच्या तिरक्या तोंडाच्या क्लबने, झोका घ्यायचा आणि माती कुठून उडाली ते बघायचं. जमिनीवरच्या चेंडूला आयर्न खाली येता येता लागतो आणि माती त्यानंतर, चेंडूच्या पुढची उडते. म्हणून खूण रेघेवर किंवा तिच्या पुढे हवी. मागे आली तर वजन उजव्या पायावरच राहिलं असं समजायचं. चेंडू उचलून देण्याच्या धडपडीत बहुतेकांचं हेच होतं. उचलायचं काम क्लबच्या तिरक्या तोंडाचं, आपलं नव्हे.

पहिल्या दिवशी वीसपैकी सहा खुणा पुढे आल्या. चेहरा पडला. मी विचारलं, "फाउंड्रीत कास्टिंग खराब निघालं तर काय करता?"

"साचा बघतो. वाळू बघतो."

"स्वतःला शिव्या देता?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माल असतो हो तो. इथं मीच असतो."

पुढची दोन सत्रं आम्ही त्या वाक्यावरच काढली. घरात वडिलांच्या शिस्तीत चूक म्हणजे नालायकी होती, हे तेव्हा बाहेर आलं. रेघेचा सराव रोज सकाळी चालूच होता.

दीड महिन्यानं आले तेव्हा तळव्यावरचा फोड वाळला होता. डायरीत एकच पान नवं होतं: तारीख आणि आकडा. शेवटचा आकडा, वीसपैकी तेरा.

"सात रिजेक्ट, मॅडम," म्हणाले. "पण काल झोप लागली."