वाचकांचे प्रश्न : वेफर्सची साइट आणि नाव नसलेलं बटन

प्रश्न : नमस्कार भाऊ. भुसावळला आमचा केळीच्या वेफर्सचा छोटा धंदा आहे, मी, बायको आणि कामाला चार बाया. मागच्या वर्षी पुतण्याच्या ओळखीने वेबसाइट करून घेतली, पुण्या-मुंबईला कुरिअरने पाकिटं जातात. आता साइट करणारा पोरगा म्हणतो की दिव्यांगांना वापरता येईल अशी साइट ठेवणं कंपल्सरी झालंय, नाहीतर दंड लागेल, आणि त्यासाठी एक विजेट, म्हणजे साइटला वरून जोडायचा तयार प्रोग्राम, टाकावं लागेल, त्याचे दरवर्षी वेगळे पैसे. आमच्याकडे आजवर एकही अंध गिऱ्हाईक आलेलं नाही. मग हे कायद्याने लादणं बरोबर आहे का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : अंध गिऱ्हाईक आलं नाही हे तुम्हाला कळलं कसं भाऊ? दुकानात आलं तर हातातली काठी दिसते, साइटवर आलं आणि वैतागून निघून गेलं तर कोण आलं होतं हे तुम्हाला कळायला मार्गच नाही.

तुम्ही पत्रात साइटचा पत्ता दिला होता म्हणून मी एक उद्योग केला. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत जाऊन चालू केलं की स्क्रीनवर जिथं बोट ठेवाल तिथलं फोन वाचून दाखवतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. ते चालू केलं आणि डोळे मिटून बसलो. पहिलंच काय ऐकू आलं तर फोटोच्या फाइलचं नाव, आयएमजी आणि पुढं पंधरा आकडे. मग "अनलेबल्ड, बटन", म्हणजे नाव नसलेलं बटन. परत "अनलेबल्ड, बटन". असं तीनदा, आता त्यातलं अधिक कुठलं, उणे कुठलं आणि कार्ट कुठलं हे देवालाच माहीत. अंदाजाने टिचक्या मारत गेलो, डोळे उघडून बघतो तर कार्टमध्ये काळी मिरीची अकरा पाकिटं! आणि ती तुमची पाच पाकिटांवर कुरिअर फुकटची ऑफर, ती तर फोनने वाचलीच नाही, कारण ती सगळी चित्रात लिहिलेली आहे. म्हणजे अंध माणसाला ती ऑफर आहे हेच माहीत नाही.

आता हे नीट करायला काय लागतं? बटनांना नावं द्यायची, फोटोंना एका ओळीचं वर्णन द्यायचं, ऑफर साध्या अक्षरांत लिहायची, आणि पिवळ्यावर जी फिकी राखाडी अक्षरं आहेत ती गडद करायची (ती तर मलाही चष्मा लावून दिसली नाहीत). तुमच्याएवढ्या साइटला माझ्या अंदाजाने एका दुपारचं काम. विजेटचे पैसे देऊ नका. कोडची एक ओळ टाका आणि साइट आपोआप नीट होईल असा दावा करून विजेट विकणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरायला लावले, दावा खोटा निघाला म्हणून. बटनाला नावच नसेल तर विजेट ते आणणार कुठून?

राहिला कायदा. पोरगा "झालंय" म्हणतो ते अर्धंच खरं. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, लागू झाला एप्रिल 2017 पासून. त्याचं कलम 46 म्हणतं की सेवा देणारा सरकारी असो का खाजगी, केंद्राचे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याचे, नियम निघाल्यापासून दोन वर्षांत त्याने त्याप्रमाणे सेवा द्यायची. दंडही आहे, कलम 89 मध्ये, पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत आणि परत केलं तर 50 हजार ते 5 लाख. पण गंमत बघा, नियमांनी बोट दाखवलं ते मार्गदर्शक सूचनांकडं, आणि सूचना म्हणजे आपल्याकडं काय ते तुम्हाला माहितीच आहे, रस्त्यावर "हळू चालवा" लिहिलेलं असतं तसं. यावरच राजीव रतुरी यांच्या खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या नियमांतला सुगम्यतेचा नियम 15 मूळ कायद्याशीच विसंगत आहे, कायदा बंधन घालतो आणि नियम नुसत्या शिफारशी करतो, तेव्हा तीन महिन्यांत सक्तीचे निकष वेगळे काढा. रतुरी स्वतः दृष्टिहीन, याचिका 2005 सालची. एकोणीस वर्षं, भाऊ!

म्हणून माझं मत विचाराल तर सक्ती पाहिजेच. वेबसाइट कशी असावी याचे जगभर चालणारे निकष पहिल्यांदा 1999 साली आले, म्हणजे माहिती नव्हती असं कोणी म्हणू नये, आणि तरी मर्जीवर सोडलं तेव्हा कोणी केलं नाही. पण सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका हे तुमचं दुखणं मला पटतं. युरोपात असाच कायदा 28 जून 2025 पासून लागू झाला, त्यात सेवा देणाऱ्या अगदी छोट्या धंद्यांना, म्हणजे दहापेक्षा कमी माणसं आणि 20 लाख युरोच्या आतली उलाढाल, सूट आहे. आपल्याकडंही आधी सरकारी पोर्टल, बँका, रेल्वे-बसची तिकिटं, परीक्षांचे फॉर्म यांना धरा, तिथं माणसाला दुसरं दुकान नसतं. वेफर्सवाल्याला वेळ द्या, सरळ नोटीस नको. तुम्ही मात्र ती एक दुपार आत्ताच घालवा.

प्रश्न : मी शहादा तालुक्यात शाळेत शिक्षिका आहे, पूर्ण अंध. स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, मेसेज, पुस्तकं सगळं वाचते. पण माझ्या बँकेचं नवं अॅप आल्यापासून अडलंय. खात्याच्या पानावर फोन गप्पच बसतो, चेहरा दाखवा म्हणतं तर गोलात चेहरा आला की नाही हे सांगत नाही. शेवटी भाच्याला हाक मारावी लागते. त्याला माझा पिन माहिती, पगार माहिती, शिल्लक माहिती. माय वं, मी कुणाला शंभर रुपये पाठवले ते पण त्याला माहिती! तक्रार करावी तर कुठं?
– एक वाचक, शहादा

उत्तर : ताई, तुमच्या बाजूने ताजा निकाल आहे. 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे राज्यघटनेच्या कलम 21 चा भाग मानला आणि डिजिटल केवायसी (ग्राहकाची ऑनलाइन ओळख पटवणं) दिव्यांगांना जमेल अशी करायला 20 निर्देश दिले. अॅसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या बाईला बँकेत "डोळ्यांची उघडझाप करा" सांगितलं होतं, तिथून ते प्रकरण. आणि अंध ग्राहकाला नेट बँकिंगसकट कुठलीही सोय नाकारायची नाही हे रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच बँकांना कळवलंय.

आधी बँकेकडं लेखी तक्रार करा आणि नंबर घ्या. "अॅप चालत नाही" एवढंच लिहू नका, तसं लिहिलं की अॅप अपडेट करा असं उत्तर येतं आणि फाइल बंद. कुठल्या पानावर, कुठल्या बटनावर, फोन काय बोलला, अॅपचं व्हर्जन, तारीख, असं लिहा. भाच्याला स्क्रीन रेकॉर्डिंग करायला सांगा, आवाजासकट, फक्त शिल्लक दिसणार नाही अशा पानाचं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, फी नाही. दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांकडंही अर्ज करता येतो, ते दिल्लीला. राज्य सरकारच्या पोर्टलचं काही असेल तर आपलं आयुक्तालय पुण्याला आहे.

ताई, तुम्ही पत्र युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरला मराठी म्हणून ओळखता येईल अशा अक्षरांत, टाइप केलं होतं, फार बरं केलं. आमच्याच ऑफिसात अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, स्क्रीन रीडरला त्यात मराठी दिसतच नाही, भलतीच अक्षरं वाचतो. संपादकांना सांगून झालंय, परत सांगतो.

आणि जवळपास बोलणारं एटीएम असेल तर इअरफोन घेऊन जा, कार्डाचा पिन तरी बदलता येतो का बघा. भाचा फुगेल दोन दिवस, फुगू द्या.